दोन भोवऱ्यांची नोंद

“माझ्या लक्षात आहे हो, तुम्ही फक्त मान खाली घाला.”

वस्ताद हे वाक्य दिवसभर म्हणायचा. खुर्चीत बसलेल्या माणसाने, कानामागे जरा जास्त घ्या, कल्ले बारीक नकोत, असं काही सांगायला तोंड उघडलं, की हे वाक्य यायचं आणि माणूस मान खाली घालायचा. मान खाली घालणं साधी गोष्ट नाही. साहेबापुढे घालतो तेव्हा माणूस मनातून शिव्या देत असतो. वस्तादापुढे मात्र अख्खा रस्ता राजीखुशीने घालायचा, आणि तीही मागे वस्तरा घेतलेला माणूस उभा आहे हे ठाऊक असून.

त्याच्यावर मी चार चांगले शब्द लिहावेत असं त्याच्या बायकोला वाटतं. चार असतील तर येतीलच. बाकीचे जसे आहेत तसे लिहितो.

त्याचं सलून शिंप्याचं दुकान आणि सुतारकाकांचा कारखाना यांच्या मध्ये होतं. भिंतीपलीकडे करवत चालली की त्याच्या बाटल्या थरथरायच्या, आणि लाकडाचा भुसा कुठून तरी येऊन आरशाच्या काठावर बसायचा. काम तो मामाच्या हाताखाली शिकला होता. मामा अबोल, तोंडात गुळणी धरल्यासारखा. भाचा नेमका उलटा. कात्री थांबेल, तोंड थांबणार नाही.

पण नुसता बडबड्या नव्हता, हे मान्य करायला हवं. तो विचारायचा. “वहिनींचा गुडघा कसा आहे?” “ते वरच्या मजल्यावरचे अजून पाणी सोडतात का तुमच्या गॅलरीत?” माणूस दीड-दोन महिन्यांनी आलेला असायचा. आपला गुडघा नाही, बायकोचा गुडघा, आणि तो याच्या लक्षात! माणूस विरघळायचा. मग घरात भावाला सांगितलं नसेल ते इथे सांगायचा. वस्ताद ते पोटात ठेवायचा. या खुर्चीतलं त्या खुर्चीत कधी गेलं नाही. कात्र्या काय, बाजारात कोणालाही मिळतात. त्याचं दुकान या एका विश्वासावर उभं होतं.

नावं त्याला फारशी ठाऊक नसायची. केस कापायला आलेला माणूस नाव कशाला सांगेल? तो माणसं ओळखायचा डोक्यावरच्या भोवऱ्यावरून. केस जिथून गोल फिरतात ती जागा कोणाची मधोमध, कोणाची उजवीकडे, एखाद्याला दोन. “चेहरा काय, सगळ्या जगाला दिसतो,” म्हणायचा, “भोवरा फक्त मला.”

असा माणूस म्हातारपणाकडे झुकला आणि एके दिवशी त्याने एकाच गिऱ्हाइकाला एकच प्रश्न दोनदा विचारला. गिऱ्हाईक आरशात हसलं. ते हसू वस्तादाला झोंबलं. तुझ्या लक्षात राहत नाही, असं आजवर त्याला कोणी म्हटलं नव्हतं. त्याने घरी जाऊन लेकीला सांगितलं. ती एका कचेरीत कॉम्प्युटरवर बसायची. तिने त्याच्या मोबाइलमध्ये नोंदींचं ॲप टाकून दिलं. बोललं की आपोआप लिहितं, शोधलं की सापडतं, आणि मोबाइल हरवला तरी नोंदी हरवत नाहीत.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. दिसत होतं ते वेगळंच. वस्ताद पूर्वी गळ्याभोवतीची चादर दुकानातच झटकायचा, तो आता मागच्या दाराबाहेर जाऊन झटकू लागला. आम्ही म्हटलं, वा, काय स्वच्छता! तो तिथे उभा राहून मोबाइलला सगळं सांगत असायचा. आताच ज्याच्या मानेवर पावडर लावली, त्याचं सगळं.

आरशाखाली मोबाइल ठेवायला त्याने लाकडी टेकू करून घेतला होता. तो सुतारकाकांनी स्वतः केला. उत्तम केला, कडा गुळगुळीत, कोन असा की स्क्रीन फक्त उभ्या माणसाला दिसावी. “गाणी ऐकतो अधूनमधून,” वस्ताद त्यांना म्हणाला होता.

घरी बायको वैतागलेली. मला एकदा म्हणाली, “पूर्वी भाजी सांगितली की आणायचे. आता म्हणतात थांब, हां, बोल आता. मी काय रेडिओवर बोलते?” तेव्हा मी हसलो होतो.

हळूहळू वस्ताद लक्षात ठेवायचंच सोडून देत गेला. चालायची सवय मोडली की पाय जसे जड होतात तसं त्याचं झालं. भोवरा पाहायचा, मोबाइलवर तो भोवरा शोधायचा, पहिली ओळ वाचायची आणि विचारायचं. लोक पूर्वीसारखेच विरघळत होते. वाचलेलं आणि आठवलेलं यांतला फरक मान खाली घातलेल्या माणसाला कुठून कळणार?

सुतारकाकांना दोन भोवरे होते. त्यांच्या थोरल्यालाही, अगदी तिथेच. कारखान्यात थोरला आणि धाकटी बहीण दोघंही बापाच्या हाताखाली काम करायची. थोरला शाळा सुटल्यापासून तिथे. कारखाना पुढे आपला, हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्याची गरजच वाटली नव्हती.

त्या दिवशी थोरला खुर्चीत होता आणि मी बाकावर माझ्या पाळीची वाट पाहत पेपर चाळत होतो. एका बाजूचे केस झाले होते. वस्तादाने टेकूवरच्या मोबाइलवर बोट फिरवलं. दोन भोवऱ्यांच्या दोन नोंदी होत्या, बापाची आणि लेकाची. जिच्यात शेवटची भर पडली असेल ती नोंद ॲप वर दाखवतं. बाप आदल्याच दिवशी येऊन गेला होता.

“मग,” वस्ताद म्हणाला, “कारखाना धाकटीलाच द्यायचा, हे पक्कं का?”

वाचलं आणि बोलला. मध्ये कोणी माणूसच नव्हता.

थोरल्याने मान वर केली. “काय?”

त्यानंतर वस्तादाने जे केलं ते मी विसरणार नाही. त्याने समोरच्या माणसाकडे पाहिलं नाही. आपण काय बोललो ते पाहायला पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“म्हणजे... मागच्या वेळी तुम्हीच...”

“मी?”

थोरल्याने चादरीतून हात काढला आणि टेकूवरचा मोबाइल उचलला. मोठ्याने वाचू लागला. शाळेत धडा वाचतात तसा, एकेक शब्द वेगळा. “दोन भोवरे, सुतार. कारखाना धाकटीला देणार. थोरल्याचा हात चांगला, पण लाकडाशी भांडतो. त्याला अजून बोललेले नाहीत. पुढच्या वेळी विचारणे.” तो थांबला. “पुढच्या वेळी विचारणे,” त्याने पुन्हा वाचलं. मोबाइल टेकूवर नीट ठेवला आणि उठला. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं रान, गळ्यात चादर. तसाच कारखान्यात गेला.

करवत बंद झाली. भिंत पातळ होती.

“अरे, डोक्याला काय झालं तुझ्या?” सुतारकाका.

“डोक्याचं राहू द्या बाबा. माझा हात लाकडाशी भांडतो म्हणे.”

मग धाकटीचा आवाज. “बाबा, हे मलाही नाही बोललात तुम्ही. कारखाना मला हवाय का, हे विचारलंत कधी? मला विचारलं नाहीत, दादाला विचारलं नाहीत, आणि शेजारी खुर्चीत बसून सांगितलंत?”

“शेजारी सांगितलं म्हणजे... ते वस्तादाला सांगितलं,” काका म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता. आपण भिंत समजून बोललो ते उघडं दार निघालं, असं काहीतरी होतं.

बातमीला पाय लागतच असतात, इथे तर ती चादर पांघरून भररस्त्यातून गेली होती. दुपारपर्यंत सलूनमध्ये उभं राहायला जागा नव्हती आणि कापायला कोणीच बसलेलं नव्हतं.

“केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच,” शिंपी दारातून म्हणाला. “आणि तोही आपण पैसे देऊन कापून घेतला!”

“मी कोणाला काही सांगितलं नाही,” वस्ताद म्हणाला. “शपथ घेऊन सांगतो. नुसतं लिहून ठेवत होतो.”

“कशाला?”

“लक्षात राहावं म्हणून.”

“मग ‘लक्षात आहे, लक्षात आहे’ म्हणत होतास ते काय?”

म्हातारे गुरुजी काठी टेकत पुढे आले. एवढी वर्षं त्यांनी त्या खुर्चीत बसून आपलं सगळं आयुष्य टप्प्याटप्प्याने सांगितलं होतं. “माझ्याबद्दल काय आहे ते वाच.”

“गुरुजी, नको.”

“वाच म्हणतो ना!”

वस्तादाने शोधलं आणि वाचलं. “मधोमध भोवरा, कानामागे जुनी खोक. बोलू द्यावं. हं म्हणावं.”

कोणीतरी फिसकन हसलं. गुरुजी वळले आणि गर्दीने त्यांना वाट करून दिली. त्यानंतर ते केस कापायला दोन थांबे पलीकडे जायचे, बसने.

“आणि माझं?” शिंपी ओरडला. “माझं काय लिहिलंस?”

वस्तादाने शोधलं, पुन्हा शोधलं. “तुमचं काहीच नाही.”

“काहीच नाही? शेजारी असून?” शिंपी सगळ्यांत जास्त चिडला तो या उत्तराने. “पूस! सगळ्यांचं पूस, आमच्या डोळ्यांसमोर!”

वस्तादाची लेक तेवढ्यात कचेरीतून धावत आली होती. बाप एकेक नोंद पुसत होता. बोट ओलं, स्क्रीन ऐकेना, आणि प्रत्येक वेळी ॲप विचारायचं, नक्की पुसायचं का? लोक एका सुरात म्हणायचे, “नक्की!” लेकीला मदत करायची होती, दुसरं काही नाही. ती म्हणाली, “बाबा, असं पुसून जात नाही ते. आतल्या कचरापेटीत महिनाभर राहतं. तिथूनपण काढावं लागेल. थांबा, मी माझ्या कॉम्प्युटरवरून काढते.”

“तुझ्या कॉम्प्युटरवरून?” शिंपी म्हणाला. “तिथे कसं आलं?”

“अकाउंट माझंच आहे ना... पण मी काही वाचलं नाही!”

ती खरं बोलत असेल. पण त्या खोलीतल्या प्रत्येकाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला उघडं पाहिलंय. पोरीने मान खाली घातली. त्या दुकानात कोणी मान खाली घातल्याचं मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

सुतारकाका सगळ्यांच्या नंतर आले. चादर घडी करून आणली होती आणि खिशात स्क्रू-ड्रायव्हर. आरशाखाली वाकले आणि टेकूचे स्क्रू काढू लागले.

“काका...”

“गाणी ऐकायला म्हणून करून दिला होता.” शेवटचा स्क्रू निघेना, त्यांनी तो झटक्याने उपटला, भिंतीचा पोपडा खाली आला. “वस्ताद, मी तुला सांगितलं ते माझ्याच्याने घरी बोलवत नव्हतं म्हणून. तू ते लक्षात ठेवलं नसतंस तरी चाललं असतं रे. विसरला असतास तर अजून बरं.”

इथे गोष्ट निवली असती. माणसं चार दिवस रागावतात, केस वाढतात, जवळचं दुकान ते जवळचं दुकान. पण थोरल्याने उरलेले केस कापलेच नाहीत. तसाच राहिला, डावी बाजू बारीक, उजवी कानावर आलेली. तसाच दारात उभा राहून रंधा मारायचा, तसाच सामान पोचवायला जायचा. जो भेटेल तो विचारायचा, “हे कोणी केलं?” आणि तो पत्ता सांगायचा. दुकानावर दगड मारला असता तर एक दिवस आवाज झाला असता. हा दगड रोज रस्त्यावरून चालत होता.

घरात काही ठरलं नाही. बाप विषय काढेना. भाऊ-बहीण एकमेकांकडे पाठ करून काम करायची आणि करवत आळीपाळीने वापरायची.

जे मोजके लोक वस्तादाकडे जायचे, ते खुर्चीत तोंड मिटून बसायचे. मी एकदा गेलो होतो. तो मागे उभा राहिला, बोलायला श्वास घेतला आणि सोडून दिला. करवतीच्या आवाजात कात्री चालत राहिली. मी मान खाली घातली नाही. त्याने मागचे केस वाकडे कापले आणि मी पुन्हा गेलो नाही.

दुकान सोडलं त्या दिवशी त्याने कात्र्या, वस्तरा, कंगवे पिशवीत भरले, आरसा शिंप्याला देऊ केला. शिंप्याने घेतला नाही. मग कुलूप लावून तो कारखान्याच्या दाराशी गेला. थोरला रंधा मारत होता. मी कारखान्यासमोरच उभा होतो, आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

“बसता का?” वस्ताद म्हणाला. “उरलेलं घेतो. इथेच, स्टुलावर.”

थोरल्याने रंधा थांबवला. “बसतो. आधी एक सांगा. दोन भोवऱ्यांच्या दोन नोंदी होत्या ना? बाबांची मी वाचली. माझीपण होती.”

“होती.”

“इतकी वर्षं मी पण बोललोच असेन तुमच्याशी काहीतरी. काय लिहिलं होतं माझ्याबद्दल?”

पलीकडे धाकटीने करवतीचं बटण बंद केलं. सुतारकाका टेबलाशी होते. तो टेकू तिथे उलटा ठेवलेला होता आणि त्यात पेन्सिली होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हातातली पेन्सिल थांबली.

वस्तादाच्या जिभेवर ते जुनं वाक्य आलं असणार. त्याचे ओठ तसे हलले. एखादी गोड गोष्ट रचून सांगितली असती तरी थोरला बसला असता, असं मला आजही वाटतं.

“पुसलं मी,” तो म्हणाला. “आठवत नाही.”

“काहीच?”

“काहीच नाही.”

थोरल्याने फळीवरचा भुसा फुंकरून उडवला. “मग जा तुम्ही.”

वस्ताद पिशवी काखेत धरून निघाला. वळणापर्यंतचा रस्ता सरळ आहे, त्यामुळे तो बराच वेळ दिसत राहिला. त्याचेही केस वाढले होते, मानेवर आले होते. दारात थोरला अर्ध्या डोक्याने उभा होता, त्याच्यामागे धाकटी, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीतून म्हातारा. तिघं एकाच बाजूला तोंड करून उभी असलेली मी खूप दिवसांनी पाहत होतो. तो वळला तशी धाकटीने करवत सुरू केली.