पाणकरमामांचं अस्वल

पाणकरमामा माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलत नसत, पायांकडे पाहून बोलत. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझे पाय न्याहाळून ते म्हणाले, "डाव्या पायावर अंग टाकतोस बाबू. लहानपनी काटा मोडला होता का?" मोडला होता, रत्नागिरीकडच्या माझ्या गावात, नऊ वर्षांचा असताना. मला घामच फुटला. वाटलं, हा माणूस आता मी शाळा का सोडली तेही पायावरूनच सांगणार.

सातवी अर्धवट टाकून, मोजणीची साखळी ओढत मी अर्जुनी मोरगावच्या बाजूला एका जुन्या तलावाच्या दुरुस्तीवर येऊन पडलो होतो. वय एकोणीस. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात आला होता, पण मला परमुलखात आल्यासारखंच वाटे. तीन बाजूंना धानाची शेतं आणि चौथीकडे पाण्याला टेकलेलं जंगल. मी सगळ्यालाच भ्यायचो. वाघाला, सापाला, ओव्हरसियरला, घरून येणाऱ्या पत्राला. मामांनी मला आपल्या छपरीत जागा दिली. जेवताना मामी ताटात भात वाढतच राहायच्या आणि मी नको म्हणालो की मामा म्हणत, "लाजून कायले राहिला? तुह्या मायनं इतक्या दूर पाठवलं ते उपाशी ठेवाले का?"

गावानं पाणी वाटायला नेमलेला माणूस म्हणजे पाणकर. कुणी चोरून बांध फोडून पाणी आपल्या शेतात वळवलं की मामा चिखलातला पाय पाहत आणि तडक त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहत. "चाल गा, बांध बुजव." एवढंच. त्यावर कुणी हुज्जत घातल्याचं मला आठवत नाही. मामांनी पाय ओळखला म्हणजे ओळखला.

त्या हिवाळ्यात बनमानुसाची आवई उठली. अंगभर केस, दोन पायांवर चालतो, बायकांना उचलून नेतो. गावात किराणा विकायला येणाऱ्या सेठनं तर शपथच घेतली. "आँखों देखा है मामा! ताड जैसा खडा था!"

"किती पाह्यलं सेठ, आन किती जोडलं?" मामांनी विचारलं. हा त्यांचा ठरलेला सवाल.

"मतलब?"

"सायकल टाकून परालात म्हनता. पाठीले डोरे आहेत का तुमाले?"

लोक हसले. पण मामा हसण्यावर थांबले नाहीत. सेठला घेऊन जागेवर गेले. मीही मागोमाग. ओल्या मातीत वीतभराहून लांब पाऊल उमटलं होतं, हुबेहूब माणसाचं. मामांनी काडीनं दाखवलं, "मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला, म्हनून लांब दिसते. आन हे नखं पाहा, बोटाच्या किती पुढं टेकले. अस्वल आहे." त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पण आठ दिवसांनी तो मलाच दिसला.

धुक्याची सकाळ होती. मी साखळी घेऊन तलावाच्या पारीवरून, म्हणजे भिंतीवरून, एकटाच चाललो होतो. पाणी सोडायचं तोंड असतं ना, त्याला तिकडे तुडूम म्हणतात, त्याच्याजवळ काहीतरी वाकलेलं होतं. तपकिरी. अंगावरून केस लोंबत होते. ओंजळीनं पाणी पीत होतं. माझी चाहूल लागून ते उठलं, वळलं. त्या तोंडावर नाक नव्हतं.

साखळी तिथंच टाकून मी धावत सुटलो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो माझ्याएवढा होता. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत सात फूट झाला. दुपारच्या आत मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरची बंदूक निघाली, कुऱ्हाडी निघाल्या, हाका घालायला पोरं डबे घेऊन जमली. आणि जागा दाखवायला पुढं कोण? मी.

"थांबा," मामा म्हणाले. "आधी मी पाय पाहतो." मला हाताला धरून ते पुढे निघाले.

तुडुमापाशी चिखलात पावलं होती. आखूड, रुंद, आणि एकालाही बोट नाही. नखही नाही. मी मामांच्या तोंडाकडे पाहत राहिलो, आता 'अस्वल आहे' म्हणतील म्हणून. ते उकिडवे बसले आणि त्या ठशावर त्यांनी हात ठेवला. बनमानुसाला पाहून मी जेवढा घाबरलो नव्हतो तेवढा त्या हाताकडे पाहून घाबरलो.

"मामा, अस्वलच ना?"

"नाई." मग हळूच म्हणाले, "उजवा पाय बाहेर टाकते. बोटं झडले, पन चाल नाई गेली. माहा जोडीदार आहे हा. बारा वर्स दोघं मिरून हेच तुडूम उघडत होतो. महारोग झाला तं गावानं काढलं त्याले. दूर कुठंतरी मेला, असं सारे म्हनत. मी बी तेच धरून चाललो." त्यांनी ठशावरचा हात उचलला. "पाह्यलं नाई, तरी जोडलं."

पारीच्या पलीकडून डबे वाजू लागले होते.

"तुनं काय पाह्यलं बाबू? फक्त पाह्यलं तेच सांग."

मी डोळे मिटले. "गोणपाट होतं मामा. केस नव्हते, सुटलेले धागे होते."

"आता आयक. बनमानुस म्हटलं तं बंदुकीची गोरी घालतीन. मानूस म्हटलं तं हाकलून देतीन, हिवाच्या दिवसात. अस्वल म्हटलं तं कोनी जवर जात नाई." आणि ज्या माणसानं जन्मभर एक ठसा कुणाला मोडू दिला नाही, त्यानं स्वतःचे पाय घासत सगळी पावलं पुसून टाकली.

लोक आले. "काय आहे मामा?"

"अस्वल. पिल्लावाली मादी."

पुढची दोन पोरं चटकन मागं सरली. पण बंदूकवाला माझ्याकडे वळला. "काऊन रे, तू तं बनमानुस म्हनत होता?"

मामा माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या पायांकडे पाहत होते. मी पाय रोवले. "अस्वलच होतं. मी घाबरलो, म्हणून बाकीचं जोडलं."

हशा पिकला. "कोकनातला डरपोक!" काम संपेपर्यंत मला हेच नाव राहिलं. बंदूक मात्र खांद्यावरून खाली उतरली.

त्यानंतर मामा रोज सकाळी भाताचं गाठोडं घेऊन जंगलाकडच्या एका दगडावर ठेवून येत. कुणीतरी विचारलंच, "मामा, अस्वल भात खाते का?"

"किती पाह्यलं, किती जोडलं?" म्हणून मामा पुढे चालू लागले.

उन्हाळ्यात काम संपलं. शेवटच्या काही दिवसांत गाठोडं जसंच्या तसं परत येत होतं. मामा जंगलात आतपर्यंत जाऊन आले. तिथली जोडीदाराची पानांची झोपडी रिकामी होती. निघायच्या सकाळी पारीपर्यंत ते माझ्यासोबत आले. मला विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं.

"मामा, तो गेला का हो?"

"पाय दिसत नाई आता."

"म्हणजे मेलाच ना?"

"मी नाई पाह्यलं," मामा म्हणाले. "एकदा न पाह्यता मारला त्याले. आता नाई."

मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, "नीट जाजो" म्हणाले, आणि काखेतलं भाताचं गाठोडं सावरून जंगलाकडे वळले.