खांबाशिवाय हवेवर: चिखलीजवळच्या सरांकडे

"माझा सेट घेऊन जा, कोनाच्या तरी कामी येईल," असं सर फोनवर म्हणाले आणि मी त्याच संध्याकाळी रजा टाकली. सर म्हणजे चिखलीजवळच्या एका गावातले निवृत्त विज्ञानशिक्षक आणि हॅम रेडिओतले, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणातले, माझे गुरू. उन्हाळ्यातल्या वावटळीत त्यांच्या अँटेनाचा लोखंडी खांब वाकला, काढावा लागला, आणि मुलांनी त्यांचं छतावर चढणंही बंद केलं. आम्ही राज्यभरातले हॅम रोज सकाळी रेडिओवर भेटतो, त्याला आम्ही नेट म्हणतो. तिथून सर गायब झाले होते. सर असे गप्प बसतात म्हणजे काय! "येते सेट न्यायला," एवढंच मी सांगितलं. पिशवीत मात्र एक डबी आणि वॉकीटॉकीसारखे दोन हँडसेट टाकले.

ही डबी काय, ते आधी सांगते, कारण तुमच्यापैकी काहींना हीच जोडणी करायची असेल. पूर्वी रेडिओ इंटरनेटला जोडायचा म्हणजे परदेशातून खास कार्ड मागवा, तारांना डाग देत बसा, राउटरशी भांडा. निम्मे लोक तिथेच रामराम ठोकायचे. आता पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर, दुकानात मिळणारी साधी ऑडिओ वायर आणि हॅमच्या कपाटात पडून असलेला जुना हँडसेट एवढ्यावर भागतं. तो हँडसेट डबीजवळ बसतो, दुसरा आपल्या हातात. हातातल्यात बोललेलं डबीजवळचा पकडतो आणि डबी ते मोबाइलच्या इंटरनेटवरून आमच्या नेटवर पोचवते. खांबाची गरजच नाही.

पुण्याहून निघून जालन्याला एसटी बदलली. देऊळगाव राजात बालाजीचं दर्शन आणि कडक चहा झाला. त्यापुढच्या रस्त्यानं अंगाचा पार खुळखुळा केला. कमरेचा त्रास असेल तर मागची सीट घेऊ नका. चिखलीहून पुढे काळीपिवळी जीप. ड्रायव्हर म्हणाला, "बसा ताई, दोन शिटा आल्या का निघालोच समजा." त्या दोन शिटा यायला एवढा वेळ लागला, की शेजारच्या मावशींनी मला त्यांच्या सुनेचा सगळा इतिहास ऐकवला.

सर ओट्यावरच बसले होते. सेट पुसून, खोक्यात घालून, सुतळीनं बांधून तयार. काकूंनी तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी, भाकरी आणि ठेचा वाढला. हिवाळ्यात या भागात याल तर सोले चुकवू नका, हॉटेलात ही चव मिळत नाही.

जेवण झाल्यावर डबी काढून काय ते समजावलं. सर हसले. "इंटरनेटवरून? हा काई रेडिओ झाला काय व?"

"उद्या सकाळी एकदाच बोलून बघा," मी म्हटलं. "नाही पटलं तर सेट घेऊन जाते."

"मंग ठरलं. उद्या शेवटचं."

सकाळी नेट सुरू झालं. सरांची बोटं संधिवातानं आखडलेली, हँडसेटचं बटण दाबून धरवेना. त्यांनी आपली युक्ती काढली: बटणावर रबरबँड चढवला. आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, सांगितला, नमस्कार केला आणि हँडसेट ओट्यावर ठेवून उत्तराची वाट बघू लागले. उत्तर येईना.

"पाह्यलं?" सर उठले. "कोनी ओळखत नाई आता." आणि खोकं आणायला आत गेले.

काकू माझ्याजवळ सरकल्या. "पोरी, तो सेट नेऊ नको व माय. खांब गेल्यापासून हे कोनाशी धड बोलले नाईत. बंद सेटचा माईक हातात घेऊन बसतात. मी आतून पाह्यते. मले नाई समजत तुमचं रेडिओचं, पन मानूस असा चूप झाला तं घर खायले उठते."

त्या डोळे पुसत होत्या आणि माझं लक्ष डबीवरच्या लाल दिव्याकडे गेलं. दिवा लागलेला होता. बटण दाबलेलं आहे तोवर आपलंच बोलणं जातं, समोरच्याचं येत नाही. रबरबँड तसाच होता. काकूंचं सगळं बोलणं राज्यभर गेलं होतं.

मी रबरबँड ओढून काढला. लगेच नेटवरच्या कोल्हापूरच्या आजोबांचा घोगरा आवाज: "सर, कुठं होता एवढे दिवस? आम्ही तुमची रोज हजेरी घेतो." मागोमाग नागपूर. मग मस्कतहून इंटरनेटवरनं जोडला गेलेला त्यांचा विद्यार्थी. सर खोकं हातात धरून दारात उभे. काकूंनीच ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. सरांनी रबरबँड परत चढवला, आणि तो दर वेळी काढायची आठवण काकू करत राहिल्या. मला भरून आलं होतं, हे लपवत नाही.

डबी तिथंच ठेवून रिकाम्या हातानं पुण्याला परतले. डबीत अजून दोष आहेत: मोबाइलची रेंज गेली की नेटही जातं, आणि सरांचं म्हणणं आहे की हा खरा रेडिओ नव्हेच. मी वाद घालत नाही.

काल सकाळी नेटवर सरांचा नंबर आला. उत्तर नाही. मी चहाचा कप खाली ठेवला. मग काकूंचा आवाज आला, "ते आंगोळ करून येऊन राह्यले. तोवर कोनी जाऊ नका." परवाना नसलेल्यानं रेडिओवर बोलायचं नसतं, आणि आमचे नेट चालवणारे गृहस्थ नियमाला भलतेच कडक. ते काहीच बोलले नाहीत. आम्ही सगळे थांबलो.