वळणावरचा खट्ट आवाज

शाळेच्या पोरांची ने-आण करायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणे. बायकोसुद्धा सोडायची नाही. दारात पाऊल पडलं की विचारायची, "आले का जगाचे मामा?" मामांची व्हॅन त्यांच्यासारखीच होती, वय झालेली पण कबूल न करणारी. हल्ली गिअर टाकला की तिच्या पोटाखालून खट्ट असा आवाज यायचा, निजलेलं कुत्रंसुद्धा दचकून उठेल असा.

मिस्त्रीने गाडीखाली सरकून शाफ्ट हलवून पाहिला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा तो लांब दांडा, आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस पार झिजला होता. मामा म्हणाले, ग्रीस भर, ढकलू अजून थोडे दिवस. त्याने भरलं. पुढच्या वेळीही कुरकुरत भरलं. त्याच्या पुढच्या वेळी मात्र ग्रीसगन खाली ठेवून मामांना चांगलंच फैलावर घेतलं. धावत्या गाडीत शाफ्ट निखळला तर आत कोण बसलेलं असतं, एवढं तरी डोक्यात आणा म्हणाला.

लोकांना वाटायचं, मामा चिकट. कसलं काय! बायको कमरेखाली अधू होऊन अंथरुणाला खिळली होती, आणि क्रॉस बदलायचं नाव काढलं की तीच आडवी यायची. "असू द्या हो तो आवाज," म्हणायची. "वळणावर खट्ट वाजलं की मला कळतं, तुम्ही आलात." आणि खरंच, मामा दार उघडायचे तेव्हा ती उशीला टेकून बसलेली असायची, केस नीट, तोंड हसरं, एखादी खोडी ओठांवर तयार. मामांना तिचा कोण अभिमान! एवढं भोगतेय, पण डोळ्यांतून कधी टिपूस नाही, असं भेटेल त्याला सांगत सुटायचे.

पण लोकांची पोरं ती. त्यांच्या जिवाशी खेळ नको, म्हणून शेवटी मामांनी मन घट्ट केलं आणि नवा क्रॉस बसवून घेतला. गाडी अशी बिनआवाज चालू लागली की मामा स्वतःशीच हसले. आज बाईसाहेबांना चकवायचं, असं ठरवून त्यांनी व्हॅन हळूच दाराशी आणली आणि चोरपावलांनी आत गेले.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. चादरीचा बोळा तोंडात कोंबून, सगळं अंग गदगदत रडत होती. उशी भिजली होती. पलंगाशेजारच्या स्टुलावर ओला रुमाल आणि कंगवा, हाताला लागतील असे मांडून ठेवले होते.

मामांच्या लक्षात आलं. म्हणजे हे रोजचंच. तो आवाज आला की डोळे पुसायचे, केस सारखे करायचे, हसायचं. तेवढी सवड तिला गाडी द्यायची, आणि ती आज त्यांनीच काढून घेतली होती.

ते आवाज न करता मागे फिरले. व्हॅनमध्ये बसले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून लहान पोरासारखे रडले. जुना क्रॉस परत मागावा, असंही वेड्यासारखं मनात आलं. पण मागून काय करणार, पोरं सकाळी त्याच गाडीत बसणार होती. मग त्यांनी बाहीने तोंड पुसलं, खाली उतरले आणि व्हॅनचं सरकतं दार जीव खाऊन आपटलं. मोठ्याने खाकरले. आणि पायरीवर थांबले.

आत गेले तेव्हा ती बसलेली होती. केस नीट. डोळे मात्र लाल.

"आले का जगाचे मामा?" ती म्हणाली. "आज खट्ट नाही वाजलं ते?"

"क्रॉस बदलला," मामा म्हणाले. "आता दार वाजेल. फार जड झालंय बघ ते, आपटल्याशिवाय लागतच नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असू द्या. ते नका दुरुस्त करू."

तेव्हापासून मामा रोज दार आपटतात. शेजारी वैतागलेत. मामा ऐकून घेतात आणि थोडा वेळ पायरीवर उभे राहतात.