पहिली मोटर

डोंबिवलीच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करेल ते धरून आपली चाल ठरवायचं गणित, हा माझा लाडका विषय, आणि तो शिकवताना मला जरा झिंग चढतेच, हे आधीच कबूल करते. पुस्तकातलं दोन कैद्यांचं उदाहरण आमच्या मुलांच्या गळी उतरत नाही, म्हणून दरवर्षी मी पाण्याच्या मोटरचं उदाहरण घेते. बारा खोल्यांची चाळ, पाण्याची एकच लाइन. कोणीच मोटर लावली नाही तर सगळ्यांना बेताचं पाणी. एकाने लावली तर त्याला भरपूर, बाकीच्यांना कमी. बाकीच्यांनी लावली आणि आपण नाही, तर आपला नळ कोरडा. म्हणजे शेजारी काहीही करोत, आपण लावण्यातच आपला फायदा. फळ्यावर चार रकान्यांचा तक्ता काढला की दोन मिनिटांत सगळं सिद्ध होतं.

एका वर्षी दिव्याहून लोकलने येणारी एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, आमच्या चाळीत सेम असंच आहे. पण कोणीच नाही लावत मोटर."

"का गं?"

"चाळीच्या पूजेला नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलेलं ना, कोणी लावायची नाही म्हणून. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलंय."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण मला हुशारी दाखवायची होती. "नारळ तक्त्यात धरत नाहीत," मी म्हटलं. "कोणीतरी एक दिवस लावणारच. पहिला लावेल तो शहाणा, बाकीचे बसतील नळाखाली बादल्या ठेवून." तिने ते उतरवून घेतलं.

सहामाहीच्या पेपरात मी रोजच्या आयुष्यातलं एक उदाहरण विचारलं होतं. ठाण्याला घरी पेपर तपासत होते, तेव्हा तिचा हातात आला. चाळीतली पहिली मोटर तिच्याच घरी लागली होती. वडील तयार नव्हते, तिने तक्ता दाखवून त्यांना पटवलं होतं. आठवड्याभरात आणखी दहा घरांनी लावल्या. लाइनच्या टोकाला राहणाऱ्या काकूंनी मात्र लावली नाही, दिलेला शब्द मोडणार नाही म्हणाल्या. त्यांचा नळ आता कोरडाच असतो. खाली तक्ता, अगदी बिनचूक.

मी हादरले. इतकी वर्षं शिकवतेय, पण कोणी घरी जाऊन हे खरंच करेल, असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आधीच्या बॅचमधल्या किती जणांनी केलं असेल, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. ती घाबरतच आली. "मॅडम, उत्तर चुकलं का?"

"नाही गं. त्या काकू..."

"गेल्या. खोली सोडून गावी गेल्या परवा. आई कामावर असायची ना, शाळेतून आले की मी त्यांच्याकडेच जेवायचे. जाताना सगळ्यांना भेटल्या. आमच्याकडे नाही आल्या."

इतकी लाज मला शिक्षक झाल्यापासून कधी वाटली नव्हती.

"मॅडम, त्या परत येतील असं काही करता येतं का ह्या तक्त्यात?"

मी समोरच्या तिच्या पेपरातल्या तक्त्याकडे बघत राहिले. तिला वाटलं मी विचार करतेय, म्हणून ती थांबून राहिली.