कोळशाने काढलेली लेक

विझलेल्या कोळशाचा वास आला की मला गडचिरोलीकडच्या जंगलातली आमची एका खिडकीची खोली आठवते. मी लग्न होऊन तिथे गेले त्या उन्हाळ्यात वाघाने गावातला माणूस मारला होता. वनखात्यातला नवरा जंगलात फिरतीवर गेला की मी आतून कडी लावून दिवसभर भिंतीवर कोळशाने चित्रं काढायची. पण खिडकीतून दिसायचं ते एकच मोहाचं झाड. तेच तेच काढून मन विटलं आणि मी चित्रं सोडून दिली. शेजारी एक मासे धरणारी बाई राहायची. वाघामुळे तिचंही तळ्यावर जाणं बंद झालं होतं. एकदा येऊन म्हणाली, "काऊन काई काढून नाई राह्यली, बाई?" मी म्हटलं, "काढू काय? बाहेर जाताच येत नाही." तिने चुलीतला विझलेला कोळसा उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "माही पोरगी तापानं गेली. तिले काढशील?" मी तर त्या मुलीला पाहिलंही नव्हतं. कशी होती म्हणून विचारलं, तेव्हा लेकीच्या खोड्या सांगता सांगता बाई डोळे पुसत हसायला लागली. "माह्यावानीच हासे." मी तिचंच हसू भिंतीवर काढलं. तिने त्याला गाल लावला, तर गाल काळा झाला. वाघ पावसाळ्यापर्यंत हटला नाही आणि कडी निघायची ती फक्त तिच्या हाकेला, पण ती रोज लेकीला बघायला यायची. आता गुडघ्यांनी मला पुन्हा घरात कोंडलंय. भेटायला कुणी आलं की मी कागद पुढे ओढते आणि विचारते, तुमचं लांब गेलेलं माणूस दिसायचं कसं?