तेवीस वर्षांची शिकाऊ

लुंबान गावातल्या भरतकामाच्या कारखान्यात पुरिता तेवीस वर्षं अननसाच्या तंतूंच्या कापडावर फुलं भरत होती. सगळ्या प्रांताला किमान वेतनाचा कायदा लागू झाला, तेव्हा मालकीण रेमेदियोस स्वतः तिच्या घरी आली, हातात गरमागरम बिबिंका, म्हणजे तांदळाचा केक, घेऊन. चर्चमध्ये पुरिताच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता हीच झालेली.

"पगारवाढीचा कागद आहे गं. कर सही," ती म्हणाली.

घरच्या माणसाचा कागद काय वाचायचा? पुरिताने बिबिंकाचा तुकडा तोंडात टाकला आणि सही ठोकली.

महिन्याने सरकारी तपासनीस आला आणि यादी वाचू लागला. "पुरिता माग्सिनो, शिकाऊ. म्हणजे हिला पूर्ण वेतन लागू नाही."

"शिकाऊ?" पुरिता कडाडली. "अहो, इथल्या निम्म्या बायकांना सुई धरायला मी शिकवलंय!"

"या शिकाऊ करारावर सही तुमचीच आहे ना, बाई? आणि शिकवणारीचीही आहे. जोसेलिन."

जोसेलिन! पोरीला साधा दोरा ओवता येत नव्हता, तेव्हा पुरिताने तिला शेजारी बसवून घेतलं होतं. आता ती मान खाली घालून भरत होती. मालकीण खिडकीबाहेर बघत होती.

पुरिता उठली. आपली सुई आणि दोरा घेऊन जोसेलिनच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"दोरा ओवायचा कसा, तेवढं दाखवा, बाई," ती म्हणाली.