कमळच्या सहीचं पत्र

कमळे, मी नाशिकजवळ सातपूरला कारखान्यात कामाला निघाले त्या सकाळी तू पेठच्या स्टँडवर आली नव्हतीस. आई आली होती, नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन. बस हलली तरी खिडकीशी उभी राहून सांगत होती, "प्रभुभोजनाच्या रविवारी घरी येत जा." धाकटी बहीण म्हणून तू तरी यायचंस, पण तू घरात फुगून बसलीस, कारण आईचं सगळं करणं आता तुझ्या एकटीवर आलं होतं. हे मी चिडूनच लिहितेय, आधीच सांगते. आपल्या डोंगरातून इकडे कारखान्यांत आलेल्यांनीही वाचावं. तुम्हीही चर्चमध्ये माझ्यासारखे शेवटच्या बाकावरच बसता.

आपली मंडळी, म्हणजे आपलं चर्च, ते आईची पडवी. निफाडला द्राक्षं तोडायला गेलेली माणसं परतताना बेदाणे आणायची. प्रभू येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एका ताटातून भाकर आणि रस घ्यायचा, ते प्रभुभोजन; बेदाणे भिजवून कुस्करले की झाला त्याचा रस. भाकर नागलीची. आदल्या शनिवारी आई घरोघर फिरायची आणि एकच विचारायची, "कोणाशी वाकडं हाय का? मग आधी तिकडं जाऊन ये. तसंच येऊन ताटाला हात लावायचा नाय." एकदा सगळी मंडळी दुपारपर्यंत ताटकळली, कारण दोन जावा एका कोंबडीवरून बोलत नव्हत्या. एकमेकांत मिळून राहण्याला चर्चमध्ये सहभागिता म्हणतात, पण तो शब्द मी तिथे कधी ऐकला नाही.

तो इथे सातपूरच्या चर्चमध्ये ऐकला. इथे तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलाय. लोक हात मिळवतात, प्रेझ द लॉर्ड म्हणतात आणि पार्किंगकडे सुटतात. शेजारी बसणाऱ्या बाईला माझं नाव अजून माहीत नाही. आई होती तोवर प्रभुभोजनाला मी गावीच यायचे. ती गेल्यावर प्रभुभोजनाला इथे बसले, तर इथले पाळक म्हणाले, "आधीच्या मंडळीचं पत्र आणा, मग घेता येईल." दोन वर्षं ताट माझ्यासमोरून पुढे गेलं. असं डोकं फिरायचं. कँटीनमध्ये, बसस्टॉपवर, भेटेल त्याला सांगायचे की यांना देवाच्या घरातही गेटपास लागतो.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नाही. ते पत्र एका फोनवर मिळालं असतं. आईनंतर पडवीतली मंडळी तूच चालवतेस. वहीच्या कागदावर तुझी सही असली तरी चालेल, असं पाळक स्वतः म्हणाले होते. मला तुझ्याकडे मागायचं नव्हतं.

आईला माती दिली त्या दिवशी मी शिफ्ट सोडून पोचले, तर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "पाव्हण्या आल्या, पाट द्या." मग माझीही जीभ सुटली. तूच मारलंस तिला, दवाखान्यात नेलं नाहीस, असं मी म्हणाले. दवाखान्यात न्यायला तू तिला दोनदा पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं होतंस. मला माहीत होतं. तरी म्हणाले, आणि मूठभर मातीही न टाकता परतले.

गेल्या रविवारी पाळक म्हणाले, "ताई, राहू द्या ते पत्र. आता घ्या." ताट आलं. पांढऱ्या पावाचा तुकडा, अंगठ्याएवढा प्लास्टिकचा कप. दोन वर्षं ज्यासाठी भांडले ते समोर होतं आणि हात उचलेना. आईचा शनिवारचा प्रश्न आठवला. मीच ताट पुढे सरकवलं. पाळकांना वाटतं मी अजून रुसलेय. वाटू दे.

शनिवारी येतेय, कमळे. तो पाट मी अजून विसरलेले नाही, आणि ते तुला तोंडावर सांगणार आहे. पण त्याआधी दवाखान्याचं मी खोटं बोलले, हे मंडळीसमोर सांगेन, कारण बोलले होते तेही सगळ्यांसमोरच. घर म्हणजे मला आता पडवी नाही, गावही नाही. घर म्हणजे तू, जिच्याशी मिटवल्याशिवाय मला सातपुरात घास घेता येत नाही. सहीचं ते पत्र लिहू नको. बेदाणे भिजत घाल.